सुट्टीतले दोन दिवस वृद्धाश्रमात

सुट्टी लागली की आपल्या वस्तीतली मुले मामाच्या गावाला जातात. ज्यांना जमते ते दीक्षाभूमीला जाऊन येतात, कुणी अजिंठा-वेरूळची सहल काढतात. हे व्हायलाच हवे. पण पुसद परिसरातील उपासक-उपासिकांनी आणखी एक गोष्ट मनावर घ्यावी. सुट्टीतले दोन दिवस मुलाबाळांसह वृद्धाश्रमात काढावेत.

वृद्धाश्रम आपल्याला अनोळखी नाही. १४ एप्रिलला आपली तरुण मंडळी तेथे फळवाटप करतात. दोन केळी, एक सफरचंद, फोटो, जयभीम, आणि अर्ध्या तासात गाडी परत. केळी गोड लागतात, पण म्हाताऱ्याचे बोलणे ऐकायला कुणी थांबलेले नसते.

भगवान बुद्धांना एकदा एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेला दिसला. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग त्यांनी इतरांना विचारले, याची सेवा कुणी का केली नाही? उत्तर मिळाले, तो आमच्या काही उपयोगाचा नव्हता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही हकीकत आवर्जून घेतली आहे. उपयोगाचा नाही, हेच आज किती घरांत म्हाताऱ्यांविषयी बोलले जाते!

आपल्या जिल्ह्यात आर्णी तालुक्यात उमरी पठार येथे संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. पुसदहून दिग्रसमार्गे आर्णी गाठता येते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट लागू झाले, तेव्हा आजी, सून आणि नातवंडे निघाली तरी खिशाला फार भार पडत नाही. मात्र कोणत्याही आश्रमात न कळवता जाऊ नये. व्यवस्थापकांना आधी विचारावे. मुक्कामाची सोय नसेल तर जवळच्या नातलगाकडे उतरावे आणि दिवसभर आश्रमात राहावे. शिधा आपला आपण न्यावा.

तेथे करायचे काय? भाकरी थापायला, भाजी निवडायला बसावे, पुरुषांनीसुद्धा. नखे कापून द्यावीत. ज्याला दिसत नाही त्याला पेपर वाचून दाखवावा. शिकलेल्या मुलामुलींनी कागदपत्रे पाहावीत. श्रावणबाळ योजनेचे पैसे २०२३ साली महिना १५०० रुपये झाले, पण बोटाचे ठसे उमटत नाहीत किंवा खाते बंद पडले म्हणून कित्येकांचे अडकतात. मुलाने का सोडले, हे मात्र विचारू नये. सांगायचे असेल तर तेच सांगतील, बहुधा दुसऱ्या दिवशी.

मुलांच्या हाती एक वही द्यावी. १४ ऑक्टोबर १९५६ ला जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. नागपूरला कसे गेलात, अंगावर काय होते, परत आल्यावर गावाने काय केले, मेलेली ढोरे ओढणे कधी बंद केले, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आश्रमात असा कुणी भेटला नाही तर आपल्या वस्तीत शोधावा.

कारण आश्रमाबाहेरही म्हातारे एकटेच आहेत. दिवाळीच्या सुमारास पुसद, उमरखेड, महागावकडून जोडपी ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारा-म्हातारी नातवंडे सांभाळत राहतात. पोटासाठी गेलेल्या त्या लेकरांना दोष देणे अन्याय होईल. दोष द्यायचा तर शिकून नोकरीला लागलेल्या, बंगल्यावर ‘मातृछाया’ अशी पाटी लावणाऱ्या आणि आईला आश्रमात ठेवून महिनोन् महिने न फिरकणाऱ्या साहेबाला द्यावा. २००७ च्या कायद्याने अशा आईला उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात पोटगी मागता येते. बहुतेक आया मागत नाहीत. मुलाची नोकरी जाईल अशी त्यांना भीती वाटते.

निघताना पुन्हा येण्याची तारीख सांगायची असेल तर विचार करून सांगावी आणि त्या दिवशी जावेच. तेथे भिंतीवर कॅलेंडर असते आणि ते दिवस मोजत असतात.