पुतळ्यांची माळ

आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आपण पुष्कळांनी पाहिली असेल. पण ही पुतळी मूळची परदेशी नाणे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. व्हेनिसने १२८४ साली पाडलेला सोन्याचा डुकाट, ते प्रजासत्ताक १७९७ साली बुडेपर्यंत, जवळजवळ त्याच कसाचा व साडेतीन ग्रॅम वजनाचा राहिला. व्यापारातून तो इकडे आला. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. आपल्या लोकांना दिसल्या त्या पुतळ्या! नाव तेच पडले. पुढे सोनारांनी आपल्या देवदेवतांचे ठसे करून पातळ पत्र्याच्या पुतळ्या घडवल्या.

खरे नाणे ओवायचे तर त्याच्या कडेला डाक देऊन कडी बसवतात. डाकेत थोडे हीण घालावे लागते, म्हणजे ती नाण्याआधी वितळते. आच चुकली की डोजचा चेहरा गेलाच. मग पटवेकरी रेशमात माळ गाठवतो. कडी लागली की संग्राहकाच्या लेखी नाण्याचे मोल उतरते खरे, पण नाणे ओळखू तरी येते. मुशीत गेल्यावर उरते ते नुसते वजन. तेव्हा माळ मोडायला नेण्यापूर्वी एकेक पुतळी भिंगाखाली धरावी. नकलेवर कडेची अक्षरे बहुधा वेडीवाकडी असतात; स्वच्छ लॅटिन अक्षरे दिसली, तर तेवढी पुतळी बाजूला काढून ठेवावी.