जनुकांच्या मोजणीत मापाची पारख

कुत्र्याच्या यकृतातील पेशी आणि त्याच्याच हृदयाच्या स्नायूतील पेशी यांच्यात जनुकांचा संच एकच असतो. वेगळेपण येते ते कोणत्या जनुकाचा संदेश किती प्रमाणात लिहून काढला जातो यामुळे. जनुकातील माहितीची नक्कल संदेशवाहक आरएनए नावाच्या अल्पायुषी रेणूच्या रूपाने तयार होते आणि बहुतेक जनुकांच्या बाबतीत त्या नकलेवरून प्रथिन घडते. या साऱ्या प्रक्रियेला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. डॉबरमनमधील हृदयस्नायूचा विकार, रॉटवायलरसारख्या थोराड जातींत आढळणारा हाडांचा कर्करोग किंवा बेडलिंग्टन टेरियरच्या यकृतात साठत जाणारे तांबे यांचा अभ्यास करताना रोगग्रस्त आणि निरोगी ऊतींत कोणत्या जनुकाची अभिव्यक्ती वाढली व कोणत्याची घटली, हे संशोधकांना आकड्यांत सांगावे लागते.

या कामासाठी सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे पीसीआर. ऊतीतून वेगळ्या केलेल्या आरएनएवरून आधी डीएनएची प्रत करून घेतात आणि मग हव्या त्या जनुकाचा तुकडा चक्रागणिक दुप्पट करत नेतात. सोबत घातलेल्या रंगद्रव्याची चमक ठरावीक उंबरठा ओलांडेपर्यंत जितकी चक्रे लागतात, तितकी त्या नमुन्याची ‘सीटी व्हॅल्यू’. करोनाच्या साथीत घरोघरी ऐकू आलेला आकडा तो हाच. मूळ संदेश जितका विपुल, तितका हा आकडा लहान, आणि एका चक्राचा फरक म्हणजे स्थूलमानाने दुपटीचा फरक.

मात्र नुसत्या या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण एका नमुन्यात ऊतीचा तुकडा मोठा असतो, दुसऱ्यातील आरएनए काहीसा विघटित झालेला असतो, तर तिसऱ्यात डीएनएची प्रत करण्याची पायरीच नीट पार पडलेली नसते. कुत्र्यांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. नमुने पुष्कळदा प्रयोगशाळेत वाढवलेल्या एकसारख्या प्राण्यांचे नसून शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या, निरनिराळ्या जातींच्या आणि वयांच्या पाळीव कुत्र्यांचे असतात, आणि ऊती कापल्यापासून ती गोठवेपर्यंतचा वेळही सारखा नसतो. म्हणून त्याच नमुन्यातील, ज्याची अभिव्यक्ती बदलत नाही असे मानले जाते, असे दुसरे जनुक सोबत मोजतात आणि पहिल्याचे प्रमाण त्याच्या तुलनेत मांडतात. हे दुसरे जनुक म्हणजे संदर्भ जनुक. सगळी मेख ‘मानले जाते’ या दोन शब्दांत आहे.

वर्षानुवर्षे या जागी जीएपीडीएच हे जनुक जवळजवळ सवयीने वापरले गेले. ते साखरेच्या विघटनातील एक विकर घडवते, प्रत्येक पेशीला त्याची गरज असते, आणि म्हणून ते सर्वत्र समान असणार असा तर्क होता. पण गरज सर्वांना असणे आणि गरज सर्वांना सारखीच असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अर्बुदातील पेशी साखर भराभर जाळतात, प्राणवायूच्या कमतरतेतही हे जनुक अधिक सक्रिय होऊ शकते. समजा, निरोगी यकृतात अभ्यासाच्या जनुकाचा आकडा २६ आणि जीएपीडीएचचा २० आला, तर अर्बुदात तेच आकडे अनुक्रमे २४ आणि १८ आले. दोन्हीकडे फरक सहाचाच, म्हणून निष्कर्ष निघेल की काहीच बदलले नाही. आता जीएपीडीएचऐवजी दोन्ही नमुन्यांत २२ वर स्थिर राहणारे जनुक घेतले, तर फरक निरोगी ऊतीत चार आणि अर्बुदात दोन येतो, म्हणजे अभ्यासाच्या जनुकाची अभिव्यक्ती चौपट झालेली दिसते. मापातच पाप असले की काटेकोर यंत्रही खोटेच बोलते, आणि तेही दशांश चिन्हापुढच्या दोन स्थळांपर्यंत.

जीएपीडीएचची आणखी एक खोड आहे. सस्तन प्राण्यांच्या जनुकसंचात त्याच्या निष्क्रिय प्रती, म्हणजे छद्मजनुके, बऱ्याच विखुरलेल्या असतात. त्यामुळे आरएनएच्या नमुन्यात मूळ डीएनएचा अंश राहिला, तर तोही संदेश म्हणून मोजला जाण्याचा धोका असतो. इतर उमेदवारही निर्दोष नाहीत. बीटूएम हे जनुक प्रतिरक्षायंत्रणेशी निगडित असल्याने आतड्याच्या दाहात किंवा लसिकाग्रंथींत ते संशयास्पद ठरते. पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या बीटा-ॲक्टिनचे प्रमाण ऊतीत व्रणतंतू वाढू लागले की बदलू शकते.

कुत्र्यासाठी हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळणे सोपे झाले ते २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यानंतर, कारण सुमारे २४० कोटी अक्षरांच्या त्या मजकुरावरून हव्या त्या जनुकासाठी नेमके प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे, आखता येऊ लागले. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्याच्या अनेक संभाव्य संदर्भ जनुकांची पारख प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर हृदय, आतडे, हाड, स्तनातील अर्बुदे अशा ऊतींसाठी वेगवेगळ्या चाचण्या होत गेल्या. एचपीआरटी, आरपीएस५, आरपीएल८, आरपीएस१९, एचएमबीएस, टीबीपी, वायडब्ल्यूएचएझेड ही नावे त्यांत वारंवार येतात. पण क्रमवारी ऊतीनुसार आणि रोगानुसार बदलते, आणि या साऱ्या खटाटोपातून हाती आलेली सर्वांत मोलाची माहिती बहुधा हीच आहे.

पारख करायची तरी कशी, कारण खरे स्थिर जनुक कोणते हे आधीपासून ठाऊक नसते? बेल्जियममधील गेंट येथे २००२ मध्ये मांडलेल्या ‘जीनॉर्म’ या पद्धतीने त्यावर चतुर तोड काढली. दोन जनुके खरोखर स्थिर असतील, तर त्यांचे परस्परप्रमाण प्रत्येक नमुन्यात तेच राहील. म्हणून प्रत्येक उमेदवाराची इतर सर्वांशी जोडी लावून प्रमाणातील चढउतार मोजायचा, सर्वांत चंचल उमेदवार वगळायचा आणि उरलेल्यांवर तीच क्रिया पुन्हा करायची. शेवटी उरलेल्या जनुकांपैकी दोन किंवा तीन घेऊन त्यांचा गुणोत्तर मध्य मापक म्हणून वापरायचा. या युक्तीत एक फट आहे. आरपीएस५ आणि आरपीएस१९ ही दोन्ही जनुके पेशीतील प्रथिननिर्मितीचे केंद्र असलेल्या रायबोसोमचे घटक घडवतात आणि एकत्रच वरखाली होऊ शकतात. तशी ती झाली, तर त्यांचे परस्परप्रमाण अबाधित राहते आणि दोन्ही अस्थिर असूनही पद्धत त्यांनाच पहिला क्रमांक देते. डेन्मार्कमधून २००४ मध्ये आलेली ‘नॉर्मफाइंडर’ पद्धत निरोगी व रोगग्रस्त गटांतील फरक वेगळा काढत असल्याने या फसवणुकीला कमी बळी पडते. तरीही उमेदवारांची निवड करतानाच निरनिराळ्या कामांची जनुके घेणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे.

पीसीआरच्या प्रयोगांची माहिती कशी द्यावी याविषयी २००९ मध्ये आखलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना एकाच संदर्भ जनुकावर विसंबणे, त्याच्या स्थिरतेचा पुरावा दिल्याशिवाय, ग्राह्य धरत नाहीत. नमुने थोडे आणि पैसा तोकडा अशा पशुवैद्यकीय संशोधनात हा नियम जड वाटतो खरा. परंतु आठ-दहा उमेदवार मोजक्या नमुन्यांवर तपासून घेण्याचा खर्च, चुकीच्या मापाने पूर्ण केलेल्या संबंध अभ्यासाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. सर्व जनुकांचे संदेश एकदम वाचणाऱ्या आरएनए अनुक्रमणानेही ही जबाबदारी टळत नाही. त्यातील प्रचलित आकडेमोड बहुसंख्य जनुके बदललेली नाहीत असे गृहीत धरते, आणि काही कर्कपेशींत तर जवळपास सगळेच संदेश एकाच वेळी वाढलेले असतात. अशा ठिकाणी पेशी मोजून त्यांच्या संख्येच्या प्रमाणात कृत्रिम आरएनए बाहेरून मिसळावा लागतो आणि त्याच्या आधारे हिशेब करावा लागतो.