‘नको’चं चित्र काढून दाखवा!

‘गच्चीच्या कडेला जाऊ नका’ या वाक्याचं चित्र काढून बघा. कडेला गेलेला मुलगाच काढावा लागतो! मग त्याच्यावर लाल फुली मारायची. पण पाच वर्षांच्या पोराला फुली दिसत नाही. त्याला कड दिसते, आणि तिथून खालचं सगळं काय झकास दिसत असेल तेही दिसतं. मुलांसाठी सुरक्षेची कार्टून फिल्म करायला बसलेल्यांचं डोकं पहिल्यांदा आपटतं ते इथेच.

आमच्या ओळखीच्या एका छोट्या स्टुडिओत संक्रांतीच्या पतंगांवर अशी दोन मिनिटांची फिल्म चालली होती. संवाद माझ्या गळ्यात पडले होते. ॲनिमॅटिक तयार झाला, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजावर एकामागून एक लावून झाली, आणि आम्ही तो जवळच्या बालवाडीत नेला. आमचा बंड्या काटाकाटीच्या नादात मागे मागे सरकतो आणि धप्पकन खाली. वर्गात सन्नाटा पसरेल अशी आमची अपेक्षा. पोरं खिदळली! एक तर उठून लॅपटॉपपाशीच आला, “पुन्हा पाडा ना त्याला!” बंड्या त्या दिवशी पाच वेळा पडला.

चूक पोरांची नव्हती. कार्टूनमधला माणूस पडला की पोळीसारखा चपटा होतो आणि टुणकन उभा राहतो. याला स्क्वॉश अँड स्ट्रेच म्हणतात आणि ते ॲनिमेशनचं बाळकडूच आहे. नेमकं तेच सुरक्षेच्या फिल्मला बाधतं.

बंड्याची किंमत

सिनेमाला सेकंदाला 24 फ्रेम लागतात. दोन मिनिटांचे झाले 2,880. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरायचं ही जुनी काटकसर केली, तरी 1,440 चित्रं उरतातच. म्हणून जी काय हाणामारी करायची ती ॲनिमॅटिकच्या टप्प्यावर. तिथे बंड्याला वाचवायला एक पेन्सिल आणि एक खोडरबर पुरतो. पुढे गेलात की निर्माता तुम्हालाच गच्चीवर नेतो.

मांजरीच्या वेशातल्या बाई

मुलं कार्टून बघून तसंच करतात का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी हे तपासलं. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही मुलांनी मोठ्या माणसाला समोरासमोर एका फुगवलेल्या बाहुलीला बडवताना पाहिलं, काहींनी तेच फिल्मवर पाहिलं आणि काहींनी ‘कार्टून’ पाहिलं. हे कार्टून म्हणजे काळ्या मांजरीचा वेश घातलेली एक बाई, मागे रंगीबेरंगी नकली देखावा! तरी पोरांनी नंतर बाहुली बडवलीच. नक्कल करायला मुलांना मांजरही चालतं आणि मांजरीचं सोंगही.

इंग्रजांनी मग मांजरालाच कामाला लावलं. 1973 सालच्या ‘चार्ली सेज’ या छोट्या सरकारी फिल्म्समधला चार्ली बोका नुसता गुरगुरतो नि म्याँव म्याँव करतो. त्याचा अर्थ शेजारचा छोटा मुलगा सांगतो: काड्यापेटी दिसली तर आईला सांग, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस. बोक्याचा आवाज काढला होता केनी एव्हरेट या त्या वेळच्या गाजलेल्या रेडिओवाल्याने. गंमत म्हणजे ‘द प्रॉडिजी’ या बँडने 1991 मध्ये तीच म्याँव उचलून डान्सचं गाणं केलं, आणि ते ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या नंबरावर गेलं. सरकारी फिल्मचं एवढं भाग्य क्वचितच उजळतं.

माझ्या मते बोक्याचा खरा फायदा वेगळाच: त्याला लिपसिंक, म्हणजे शब्दांबरहुकूम ओठ हलवणं, लागत नाही. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. शाळेत ‘ओष्ठ्य वर्ण’ घोकताना हे पुढे पोटापाण्याला उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं? हिंदी फिल्ममधला मुलगा ‘बचाओ!’ म्हणताना आधी ओठ मिटतो. मराठी डबिंगमध्ये तो ‘वाचवा!’ म्हणणार, तिथे ओठ मिटतच नाहीत. बुडणाऱ्या पोराच्या तोंडाकडे बघत आम्ही अख्खी दुपार घालवली आहे. शेवटी त्याच्या तोंडासमोर एक लाट काढली.

युनिसेफच्या कार्टूनमधल्या ‘मीना’ला तर कितीतरी भाषांत बोलायचं होतं. ॲनिमेटर राम मोहन यांच्या हातून उतरलेल्या या मुलीचा पहिला भाग 1992 मधला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळीकडे ती घरचीच वाटावी म्हणून नावापासून कपड्यांपर्यंत खल झाला होता. तिच्याबरोबर असतो मिठू पोपट. चोचीला ओठ नसतात, हे डबिंगवाल्यांचं नशीबच.

कासव, खार आणि धडकी

अमेरिकेच्या ‘डक अँड कव्हर’मधला बर्ट कासव अणुबॉम्बपासून वाचायला शिकवायचा. जानेवारी 1952 मध्ये तो पडद्यावर आला. माकड काठीला फटाका लटकवून आणतं, बर्ट कवचात डोकं घालतो. मुलांना कवच नाही, म्हणून त्यांनी बाकाखाली शिरायचं! बॉम्बसमोर बाक किती टिकणार, हा प्रश्न मोठ्यांचा. शाळेत करायचं काय, ते मात्र मुलांना अचूक कळलं होतं.

ब्रिटनमध्ये रस्ता ओलांडायला शिकवणारी टफ्टी खार 1953 पासूनची. तिचा मित्र विली वीझल आइस्क्रीमच्या गाडीकडे न बघता धावतो आणि मोटारीखाली येतो. खारुताईची गोष्ट म्हणून ती खपूनही गेली. जिवंत मुलं घेऊन हेच केलं तेव्हा मात्र गहजब झाला. 1977 ची ‘द फिनिशिंग लाइन’ ही फिल्म कार्टून नव्हे. तिच्यात शाळेचे क्रीडासामने चक्क रेल्वेरुळांवर भरतात आणि मुलं रक्तबंबाळ होतात. 1979 मध्ये ती मागे घ्यावी लागली.

मेलबर्न मेट्रोने 2012 मध्ये तिसरीच वाट काढली. ‘डंब वेज टु डाय’मध्ये गोंडस बटाट्यासारखी 21 पात्रं गात गात मूर्खासारखी मरतात आणि रेल्वेचं नाव निघतं ते थेट शेवटच्या तिघांच्या वेळी. गाणं तोंडात बसतं हे खरं. पण आमच्या बालवाडीतल्या त्या साहेबांनी तेही “पुन्हा लावा” म्हणून लावायला लावलं असतं.

कोळी मित्र नाही

‘पेपा पिग’ या ब्रिटिश कार्टूनच्या एका भागात बाबा सांगतात की कोळी इवलासा असतो, तो काही करत नाही. इंग्लंडमध्ये ठीक. ऑस्ट्रेलियात फनेल-वेब आणि रेडबॅकसारखे विषारी कोळी परसात सापडतात. तिथल्या एबीसी वाहिनीने 2012 मध्ये तो भाग बंद केला. आपल्याकडे ‘साप आपला मित्र’ म्हणणाऱ्या फिल्म निघतात, तेव्हा मी हटकून विचारतो: नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांना हा मुलगा किती लांबून नमस्कार करतोय? तसंच आगीचं. ज्वालेला डोळे नि हसू काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. काढा, आणि बघा पोर तिला हात मिळवायला जातं की नाही.

आगीवरून आठवलं, आपल्याकडच्या अगदी पहिल्या ॲनिमेशनपटांतला एक म्हणजे दादासाहेब फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’. काड्या नाचतात! आज सुरक्षेच्या समितीपुढे नेली असती तर नावालाच नारळ मिळाला असता.

लाल-निळा

अग्निशमनाची गाडी काढायची तर वरचा दिवा लुकलुकायला हवा, असं सगळ्यांनाच वाटतं. जरा हात आवरा. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला आणि झटके, मळमळ, चक्कर अशा तक्रारींनी 685 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. बरीचशी मुलंच. त्यानंतर झगमगाटाचे नियम कडक झाले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप नको, हा आता धंद्यातला सर्वमान्य हिशेब. सुरक्षेच्या फिल्मनेच पोर आडवं केलं तर तोंड कुठे लपवायचं!

ओकाशी

त्याच जपानने शब्दांत मात्र बाजी मारली. भूकंपात वर्गाबाहेर पडताना ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही. या तिन्ही जपानी शब्दांची पहिली अक्षरं जोडली की होतं ‘ओकाशी’, म्हणजे खाऊ. नियम तिन्ही ‘नको’चेच, पण पोराच्या डोक्यात राहतो खाऊ. आम्ही मराठीत असं काही जुळवायला बसलो आणि तीन दिवसांनी ‘पमांक’पर्यंत पोचलो. ते इथेच सोडून देऊ.

दुसऱ्या खेपेला आम्ही बंड्याला पाडलंच नाही. तो थांबतो, मागे वळून बघतो, कठड्यापासून चार पावलं आत येतो आणि मग मांजा ओढतो. फुली नाही, सायरन नाही. पोरांनी शांतपणे बघितलं. आमची छाती फुगली. तेवढ्यात तोच लॅपटॉपवाला म्हणाला, “पण आमच्या गच्चीला कठडाच नाहीये.”

स्टोरीबोर्ड परत टेबलावर आला. आता बंड्या पतंग मैदानात उडवतो.