रुंदी शेवटी ठरवा

वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारात टायर म्हटले की आधी ट्रॅक्टर आठवतो. मागच्या टायरवर १३.६-२८ असा आकडा असतो आणि त्याचा अर्थ ट्रॅक्टरमालकाला पाठ असतो: टायर १३.६ इंच रुंद, रिम २८ इंच व्यासाची. ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल तर त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. पुढचा टायर लहान आणि मागचा मोठा असतो खरा, पण किती लहान आणि किती मोठा, हे प्रमाण कंपनीने गिअरमध्येच बांधून दिलेले असते. मागे मनासारखा मोठा टायर चढवला आणि पुढचा तसाच ठेवला, की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात. वावरातल्या मऊ मातीत ते भांडण खपून जाते. डांबरी रस्त्यावर टायर आणि गिअर दोन्ही झिजतात. एवढे शहाणपण मंगरूळपीर तालुक्यात फुकट मिळते. गावाजवळूनच गेलेल्या समृद्धी महामार्गावरून ज्या गाड्या धावतात, त्यांतल्या काहींच्या किमतीत आठ-दहा ट्रॅक्टर येतील. त्यांचे मालक मात्र रुंद अलॉय घेताना नेमके हेच विसरतात.

स्पोर्ट्स कारच्या रुंद रिमसाठी टायर शोधणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो, ‘यात जास्तीत जास्त किती रुंद बसेल?’ माझे म्हणणे असे, की हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे, शेवटचा आहे. आधी चाकाचा बाहेरचा व्यास, मग टायर पेलू शकेल तो भार, मग रिमची रुंदी, मग मडगार्डखालची जागा. या चाळण्यांतून जे आकार खाली उरतील त्यांतून रुंदी निवडायची. उलट क्रमाने गेले तरी टायर रिमवर बसतो, गाडी दुकानातून बाहेर पडते, फोटोही झकास येतो. चूक झाली हे पुढे कित्येक दिवस कळतसुद्धा नाही, आणि म्हणूनच ती इतकी पसरली आहे.

व्यासापासून सुरुवात का, ते आकड्यांतच पाहावे. बीएमडब्ल्यूची एम ३४० आय ही भारतात २०२१ साली आलेली, चारही चाकांना ताकद देणारी गाडी. तिच्या १९ इंची चाकांवर पुढे २२५/४० आर १९ आणि मागे २५५/३५ आर १९ हे टायर असतात. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. पुढच्या टायरची भिंत २२५ च्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. ती वर-खाली दोनदा धरली आणि १९ इंचांचे ४८२.६ मिलिमीटर मिळवले, की व्यास ६६२.६ येतो. मागचा याच हिशेबाने ६६१.१ येतो. याच गाडीच्या १८ इंची चाकांवर २२५/४५ आणि २५५/४० हे आकार असतात. त्यांचे व्यास ६५९.७ आणि ६६१.२. रुंदी बदलली, रिम बदलली, भिंतीची उंची बदलली, तरी चारही टायरांच्या व्यासांत तीन मिलिमीटरचाही फरक नाही. कारखान्याने कशाला धक्का लागू दिला नाही, हे यातून आपोआप कळते.

आता समजा, मालकाला मागे २७५ हवा आहे. २७५/३५ घेतला तर व्यास ६७५.१, मूळपेक्षा १४ मिलिमीटर जास्त. २७५/३० घेतला तर ६४७.६, साडेतेरा मिलिमीटर कमी. भिंतीचे टक्के पाच-पाचच्या पायऱ्यांनी येत असल्याने मधला पर्याय मिळत नाही. पुढचे टायर मूळचेच ठेवले, तर दोन्ही वेळा पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत सुमारे दोन टक्क्यांची तफावत पडते आणि दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटून देणारा क्लच सरळ रस्त्यावरही घासत राहतो. यातून वाट निघते ती वेगळीच: मागे २६५/३५ आणि पुढे २३५/४०. त्यांचे व्यास ६६८.१ आणि ६७०.६, एकमेकांपासून अडीच मिलिमीटर दूर. दोन्ही मूळपेक्षा एका टक्क्याहून किंचित मोठे, म्हणजे काटा १२० वर असताना गाडी पूर्वीच्या मानाने ताशी सव्वा-दीड किलोमीटर जास्त वेगाने चाललेली असेल. एवढे चालून जाते. पण मागचा एकटा टायर बदलून काम भागत नाही, चारही बदलावे लागतात. ट्रॅक्टरवाल्याने हे हिशेब न करताच सांगितले असते.

यावर कोणी पोर्शेचा दाखला देईल. ९११ च्या ‘९९२’ पिढीतली कॅरेरा ४ एस चारही चाकांवर चालते, तरी तिला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ असे टायर असतात. व्यास अनुक्रमे ६७९.५ आणि ७१६.४, फरक जवळजवळ ३७ मिलिमीटर. मग दोन टक्क्यांची एवढी धास्ती कशाला? तर उत्तर पुन्हा ट्रॅक्टरचेच आहे. चाके सारखी असावीत असा नियम नाहीच; ज्या प्रमाणावर गाडी बेतली ते प्रमाण टिकावे, एवढाच आग्रह आहे. पोर्शेने ३७ मिलिमीटर धरून गाडी बांधली. त्या गाडीतही आपल्या मर्जीने मागे आणखी दोन टक्के वाढवले तर तीच खोड निर्माण होईल.

रिमची रुंदी ही पुढची चाळणी, आणि रुंद चाकांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. रिमवर ८.५ जे असे लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे टायरची कडा ज्या दोन खोबणींत बसते त्यांमधले अंतर, इंचांत. प्रत्येक टायरला किती रुंदीपासून किती रुंदीपर्यंतची रिम चालते, हे युरोपातील टायर-रिम मानकांनी ठरवून दिले आहे. २०५/५५ आर १६ ला साडेपाच ते साडेसात इंच, २२५/४५ आर १७ ला सात ते साडेआठ, २५५/३५ आर १९ ला साडेआठ ते दहा. आपल्या उदाहरणातल्या २६५/३५ आर १९ ला नऊ ते साडेदहा इंच लागतात, आणि एम ३४० आयची मागची मूळ रिम साडेआठचीच असते. म्हणजे दहाच मिलिमीटर वाढवायचे म्हटले तरी रिम नवी घ्यावी लागते. ‘बसतो की!’ असे टायरवाला म्हणेल, आणि बसतोही. पण अरुंद रिमवर रुंद टायर चढला की त्याच्या भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात, नक्षीचा पट्टा मधून गोल होतो, वळणावर गाडी आधी टायरच्या भिंतीवर डुलते आणि मग वळते. ज्यासाठी रुंद टायर घेतला तेच हातचे जाते.

याच्या उलट प्रकार म्हणजे रुंद रिमवर मुद्दाम अरुंद टायर ताणून बसवणे. परदेशातल्या हौशी मंडळींकडून ही टूम इकडेही आली. ती मंडळी वर्षानुवर्षे तसे फिरतात, असे सांगितले जाते. फिरत असतील. पण ताणलेल्या टायरची भिंत आत कललेली असते, रिमची कड उघडी पडते आणि पहिला खड्डा थेट अलॉयला लागतो. हवा थोडी कमी झाली की कडा खोबणीतून सुटण्याची शक्यताही वाढते. महामार्गावरून उतरून गावाकडच्या रस्त्याला लागणाऱ्या माणसाने हा शौक का करावा, हे मला समजलेले नाही. ढोबळ मानाने रिमची रुंदी टायरच्या रुंदीच्या ८५ ते ९५ टक्के असली की बरे. ९११ च्या मागच्या ११.५ जे रिमवर ३०५ चा टायर ९६ टक्क्यांवर बसतो, तो या गणिताच्या काठाच्या किंचित बाहेरच आहे.

तरीही खरा आक्षेप उरतोच: रुंद टायर रस्ता जास्त धरतो, शर्यतीच्या गाड्या काय उगाच रुंद टायर लावतात? यात तथ्य आहे, पण समजले जाते तेवढे नाही. चाकावर ४०० किलो भार आणि टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर रस्त्याला टेकणारा तुकडा साधारण १७० चौरस सेंटिमीटरचा, पोस्टकार्डाहून थोडा मोठा. टायर रुंद केला म्हणून तो तुकडा त्याच प्रमाणात वाढत नाही. मुख्यतः त्याचा आकार बदलतो, लांबी कमी होते आणि रुंदी वाढते. त्याने वळणावर फायदा होतो, उष्णता पसरते, मऊ रबर वापरता येते. कोरड्या ट्रॅकवर हे सगळे मोलाचे. पण रस्त्यावर पाणी साचले असेल तर रुंद टायरला दर सेकंदाला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. पाण्याचा थर नक्षीच्या खोलीपेक्षा जाड असेल, तर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो, असे नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरून दाखवले. त्यांच्या सूत्राने ३३ पीएसआयला तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. समृद्धीवर सपाट भागात १२० ची मुभा आहे. जुलैच्या पावसात वाशिम जिल्हा ओलांडणाऱ्याने या दोन आकड्यांमधले अंतर ध्यानात ठेवावे.

भाराची चाळणी मी मुद्दाम मागे ठेवली, कारण या महामार्गावर तीच सर्वांत कडक आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला. आपल्या उदाहरणातल्या मागच्या मूळ टायरचा परीघ २.०७७ मीटर. १२० च्या वेगाला तो सेकंदाला सोळा फेऱ्या घेतो, नागपूर ते शिर्डी अडीच लाख. प्रत्येक फेरीत भिंतीचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि सुटतो, आणि दर वेळी थोडी उष्णता मागे ठेवतो. जुन्या रस्त्यावर कारंजा, मालेगाव, मेहकर असे थांबत जाणाऱ्या गाडीचे टायर वाटेत निवत. इथे सिग्नल नाही, चौक नाही, वेग एकसारखा. टायर कमी भाराचा किंवा कमी हवेचा असेल तर तासाभरात ते उघडे पडते. टायरवरच्या ९३ या भारदर्शक आकड्याचा अर्थ ६५० किलो, ९६ चा ७१०. पण बुटक्या टायरांवर बहुधा एक्सएल (जादा भाराचा) असे लिहिलेले असते, आणि तो पूर्ण भार त्यांना ४२ पीएसआयच्या आसपास पेलतो. साध्या टायरला ३६ पुरतात. साधा टायर काढून एक्सएल घातला आणि हवा जुनीच ठेवली, तर आकड्यावर वाढलेली ताकद प्रत्यक्षात हाती येत नाही.

इथे कोणी म्हणेल, की समृद्धीवरचे अपघात झोपेने आणि वेगाने होतात, टायर बिचारा बदनाम. बरोबर आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले, तेव्हाही टायर फुटल्याचे आधी सांगितले गेले आणि परिवहन विभागाच्या तपासणीत तसे आढळले नाही. पण त्याच वर्षी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून घासलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली, तीही उगाच नव्हे. ती तपासणी मुख्यतः टायर गोटा झाला आहे का, एवढेच पाहते. कायद्याने कारला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. रिमला न शोभणारा नवाकोरा टायर तिथून सहज पुढे जातो. तो अडवायचा तर मालकानेच अडवला पाहिजे.

उरली मडगार्डखालची जागा; ती रिमच्या ऑफसेटवरही ठरते. रिमच्या मध्यापासून ती गाडीला टेकते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे ऑफसेट; रिमवर ते ईटी म्हणून मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. सात इंची, ईटी ४५ ची रिम काढून साडेआठ इंची, ईटी ३५ ची लावली, तर चाक बाहेर २९ मिलिमीटर आणि आत ९ मिलिमीटर सरकते. बाहेर मडगार्ड, आत शॉकअप. नुसता ईटीचा आकडा पाहून नव्हे, ही दोन्ही अंतरे मोजून रिम घ्यावी. आणि आकार इतका दुर्मीळ निवडू नये, की एक टायर फाटला तर जोडीचा मिळायला महिना जावा. जून २०२० पासून टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले. अकोल्यात किंवा नागपुरात मागवूनही लवकर न मिळणारा आकार कागदावर कितीही योग्य असला, तरी शेलूबाजारच्या वळणावर अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

जुन्या अलॉयवर आकडा पुसला गेला असेल, तर टेप रिमच्या आतल्या खोबणीपासून खोबणीपर्यंत धरा. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलेली रुंदी साधारण एक इंचाने जास्त येते.