नाताळगीतांच्या मागच्या गोष्टी

नाताळचा सण आपल्या नंदुरबार जिल्ह्याला परका नाही. नवापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांत ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जुन्या पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात स्कँडिनेव्हियातून आणि अमेरिकेतून मिशनरी मंडळी आली. त्यांनी इथल्या बोली शिकून घेतल्या, शाळा चालवल्या, दवाखाने काढले. चिंचपाड्याचा दवाखाना १९४२ सालापासूनचा. या मंडळींबरोबर एक गोष्ट आली, तिला सामानाची पेटी लागली नाही. ती म्हणजे गाणी.

डिसेंबर महिन्यात घरावर कागदी तारा टांगलेला दिसला आणि रात्री गाणारी मंडळी दारोदार जाताना ऐकू आली, की शेजारीपाजारी ओळखतात, नाताळ जवळ आला. या गाण्यांत दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात : शांती आणि आनंद. इतक्या वेळा येतात, की वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे ते हातातून निसटून जातात. आणि मग मनात एक प्रश्न येतो. ज्याच्या घरी दाणागोटा भरलेला आहे, त्याने शांतीची गाणी गावीत हे ठीक. पण ज्याचं पीक गेलं, ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं काय गावं? या प्रश्नाचं उत्तर गाण्याच्या शब्दांत शोधण्याआधी ती गाणी कोणी रचली, कोणत्या दिवसांत रचली, हे पाहू या.

आधी मूळ कथा. लूकच्या शुभवर्तमानात ती आली आहे. रोमच्या बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला. प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचं. म्हणून योसेफ सुतार आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला निघाली. शंभर किलोमीटरहून अधिक वाट. तिथे उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं ते परगावी, आणि निजवलं ते गुरांच्या गव्हाणीत. पहिली बातमी कळली ती राजाला नाही, पुरोहिताला नाही. रानात रात्रीची राखण करणाऱ्या मेंढपाळांना.

मंडळी, आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात ! त्यांचा नाताळ फडाशेजारच्या झोपडीत होतो. बाळ उसाच्या पाचटाजवळ निजवलेलं असतं. अशा आईला गव्हाणीची गोष्ट समजावून सांगायला पंडित लागत नाही.

आता पहिलं गाणं. ‘सायलेंट नाइट’ या इंग्रजी नावानं ते जगभर ओळखलं जातं. मूळ मात्र जर्मन भाषेतलं. ते लिहिलं योसेफ मोर नावाच्या तरुण धर्मगुरूने, आणि चाल लावली फ्रान्ट्स ग्रुबर नावाच्या एका खेड्यातल्या शाळामास्तराने. मोर हा विणकाम करून पोट भरणाऱ्या गरीब बाईचा मुलगा. ग्रुबर हा विणकराचा मुलगा. मोरने कविता लिहिली १८१६ साली. तो काळ कसा होता पाहा. नेपोलियनच्या लढायांनी युरोप वीस वर्षे भाजून निघाला होता. त्यातच आदल्या वर्षी, १८१५ साली, दूर इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुराळ्याने आकाश झाकोळलं आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा म्हणून पडलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले, लोक अन्नाला मोताद झाले.

दोन वर्षांनी मोर ओबेर्नडॉर्फ या नदीकाठच्या गावी साहाय्यक धर्मगुरू होता. तिथली माणसे होडीतून मिठाची वाहतूक करून जगणारी. लढायांनी तो धंदा बसला होता. शिवाय १८१६ सालीच नव्या करारानं नदीच्या मधोमध देशाची हद्द आली. पलीकडचं लाउफेन आणि अलीकडचं ओबेर्नडॉर्फ हे मूळचं एकच गाव. आता एक तुकडा बव्हेरियात गेला, दुसरा ऑस्ट्रियात. आपल्याकडे नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चटकन उमगेल. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली आणि स्टेशनाच्या मधूनच हद्द गेली. एकाच बाकड्याचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. कागदावर रेघ ओढायला वेळ लागत नाही, पण नाती त्या रेघेपाशी अडखळतात.

अशा गावात २४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने आपली कविता ग्रुबरकडे नेली. दोघांना गाता येईल आणि गिटारची साथ चालेल अशी चाल कर, म्हणाला. मास्तरांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि त्याच रात्री दोघांनी ती देवळात गायली. ऐकणारे कोण? नावाडी, त्यांच्या बायका, पोरंबाळं. पोटाची विवंचना होतीच. त्या विवंचनेच्या मधोमध कोणीतरी त्यांना निजलेल्या बाळाची, जाग्या आईबापांची आणि शांत रात्रीची आठवण करून दिली.

पुढे ऑर्गन बांधणाऱ्या एका कारागिराने गाण्याची नक्कल आपल्या डोंगराळ मुलखात नेली. तिथे हातमोजे विकणारं एक गाणारं कुटुंब होतं. ते माल घेऊन जत्रा-बाजाराला जाई आणि गाणंही गाई. असं बाजारातून बाजारात जात ते गाणं १८३९ साली अमेरिकेत पोचलं. आज ते तीनशेहून अधिक भाषांत गातात. गाणं राजेरजवाड्यांपर्यंत गेलं, पण रचणारे मागेच राहिले. चाल कोणाची हे पुढे बर्लिनच्या राजदरबाराला विचारावं लागलं, तेव्हा १८५४ साली ग्रुबरने सगळी हकीकत लिहून दिली. मोर तोवर वारला होता. शेवटच्या काळात त्यानं वाग्राइन गावी गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी खटपट केली. स्वतःपाशी काही साठवलं नाही.

याच गाण्याची दुसरी गोष्ट १९१४ सालची. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर दोन्ही सैन्ये चिखलाच्या खंदकांत समोरासमोर बसलेली. आपले हिंदी सैनिकही त्या हिवाळ्यात त्या आघाडीवर होते. नाताळच्या आदल्या रात्री काही ठिकाणी जर्मन खंदकांतून हे गाणं ऐकू आलं. पलीकडून इंग्रज शिपायांनी आपल्या गाण्यांनी जबाब दिला. सकाळी माणसं बाहेर आली, हात मिळवले, तंबाखू दिली-घेतली, आपापले मेलेले पुरले. सगळ्या आघाडीवर असं झालं नाही; कित्येक ठिकाणी गोळीबार चालूच होता. आणि नंतर युद्ध थांबलं का? नाही. ते १९१८ पर्यंत चाललं. पुढच्या वर्षी असं काही होऊ नये म्हणून वरच्या अधिकाऱ्यांनी सक्त हुकूम काढले. गाण्यानं युद्ध थांबत नाही, हे खरं. पण ज्याला शत्रू म्हणायला शिकवलं तो आपल्यासारखाच आईचा लेक आहे, हे त्या गाण्यानं एका रात्री दाखवलं. हुकूम काढावे लागले यातच त्या गाण्याचं बळ दिसतं.

तिसरी गोष्ट दुःखी बापाची. अमेरिकेचा कवी लाँगफेलो. १८६१ साली त्याच्या पत्नीच्या कपड्यांनी पेट घेतला आणि त्यात ती गेली. तिला वाचवताना तो स्वतः भाजला. त्याच वर्षी अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली. १८६३ साली थोरला मुलगा बापाला न विचारता फौजेत गेला आणि नोव्हेंबरमध्ये गोळी लागून जबर जखमी झाला. त्या नाताळात लाँगफेलोने देवळाच्या घंटा ऐकल्या आणि कविता लिहिली. तीत तो आधी घंटांचं कौतुक करतो, आणि मग मान खाली घालून म्हणतो की पृथ्वीवर शांती कुठे आहे, द्वेषच तर जोरात आहे. हे त्यानं लपवलं नाही. निराशेची पायरी चढूनच तो पुढच्या कडव्यात आशेपर्यंत येतो. पुढे त्या कवितेला चाल लागली आणि ती नाताळगीत झाली.

आता आनंदाचं गाणं पाहू. ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे गीत इंग्लंडच्या आयझॅक वॉट्स याने १७१९ साली प्रसिद्ध केलं. गंमत अशी, की ते नाताळसाठी लिहिलेलंच नव्हतं ! बायबलातल्या ९८ व्या स्तोत्रावरून त्यानं ते रचलं. त्या स्तोत्रात माणसांबरोबर समुद्र, नद्या आणि डोंगरसुद्धा आनंदात सामील होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला, तापी-नर्मदेचं पाणी पिणाऱ्याला ही कल्पना नवी वाटायची नाही. आपल्याकडेही माणूस एकटा आनंद करत नाही. डोंगर, धान्य, गुरंढोरं त्यात धरलेलीच असतात. वॉट्स प्रकृतीने आयुष्यभर अशक्त होता. म्हणजे हा आनंद धडधाकट माणसाच्या मौजेतून आलेला नव्हे.

आणि एक गाणं असं, की ज्याचा कर्ताच ठाऊक नाही. डोंगरावर जाऊन ही बातमी सांगा, अशा अर्थाचं ते आहे. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या गाण्यांपैकी ते एक. त्यांना लिहावाचायला शिकवणं कित्येक प्रांतांत गुन्हा होता. तेव्हा गाणी तोंडातोंडी चालली. पुढे फिस्क विद्यापीठातले जॉन वर्क यांनी अशी गाणी जमवली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हे गाणं छापून प्रसिद्ध केलं. ज्यांच्या मालकीचं स्वतःचं अंगसुद्धा नव्हतं, त्यांनी ‘आमच्यासाठी कोणी जन्मला’ हे डोंगरमाथ्यावरून ओरडून सांगावं, यात आनंदाबरोबर मानही आहे. मावची, पावरी, भिली बोलीतली तोंडी गाणी ज्यांनी आजीकडून ऐकली आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. न छापलेलं गाणं हलकं नसतं.

मराठीत ही कथा फार जुन्या काळी आली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. तिथली भाषा शिकून त्यांनी ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली राचोल येथे छापलं गेलं. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसाला येशूजन्माची कथाही पुराणासारखी ऐकू यावी, हा त्यामागचा विचार. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. बाप्तिस्मा १८९५ साली. त्यांनी पाहिलं की आपले लोक परदेशी चालींवर मराठी शब्द बसवून गातात, पण मन त्यात भिजत नाही. म्हणून अभंग, ओवी, कीर्तन यांना त्यांनी उपासनेत आणलं. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं. ते १९१९ साली वारले. काव्य पुरं केलं लक्ष्मीबाई टिळकांनी. ज्या बाईला लहानपणी शाळा मिळाली नाही, तिनं नवऱ्याचं अर्धं राहिलेलं गाणं तडीस नेलं, ही गोष्ट शाळेतल्या मुलींना अवश्य सांगावी.

या सगळ्या गोष्टींतून काय दिसतं? हिब्रू भाषेत शांतीला ‘शालोम’ म्हणतात. त्याचा अर्थ नुसता गोंगाट नसणं असा नाही. घर, शेत, प्रकृती, शेजार सगळं नीट असणं, असा तो भरलेला शब्द आहे. आपला ‘क्षेमकुशल’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. ख्रिस्ती माणूस नाताळची शांती गातो तेव्हा तो ‘माझ्याकडे सगळं आहे’ असं म्हणत नाही. अडचणीच्या गोठ्यातही देव आपल्याजवळ आला, आपण टाकलेले नाही, असं तो म्हणतो. ही शांती संकट सरल्यावर मिळायची नसते, संकटात धीर द्यायची असते. आणि आनंद? तो वाटल्याशिवाय टिकत नाही. म्हणून तर ही गाणी दारोदार गातात.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात या गोष्टी सांगताना दोन पथ्यं पाळा. एक, गोष्ट आणि दंतकथा वेगळी ठेवा. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून मोरने गिटार घेतली, असं पुष्कळ जण रंगवून सांगतात. पण ग्रुबरच्या १८५४ च्या हकीकतीत उंदराचा मागमूस नाही. मुलांना दंतकथा जरूर सांगा, मात्र ती दंतकथा आहे हेही सांगा. दुसरं, वर्गात सगळ्या धर्मांची, सगळ्या बोलींची मुलं असतात. एखाद्या मावची किंवा पावरा मुलाला त्याच्या घरचं गाणं म्हणायला सांगा, मग ते नाताळचं असो, होळीचं असो, की पेरणीचं. ते कोणी रचलं, केव्हा म्हणतात, हे त्याला आजीकडून विचारून आणू द्या आणि वहीत उतरवून ठेवा.

आणि गावातल्या मंडळींनो, यंदा गाणारी मंडळी दारावर येतील तेव्हा नुसती चाल ऐकू नका. जे घर यंदा दुःखात आहे, ज्या घरची माणसं ऊसतोडीला गेली आहेत आणि मागे म्हातारी एकटी आहे, त्या दाराशी जरा जास्त वेळ थांबा. या गाण्यांचा जन्म अशाच घरांसाठी झाला आहे.