छेदाला मालक असतो का?

या आठवड्यात पल्स ऑक्सिमीटर घ्यायचा होता. त्याचे शोधक ताकुओ आओयागी यांच्यावरची टिपणंही काढून ठेवली होती. पण कंप पावणाऱ्या सुईने मोतीबिंदू फोडून शोषून घेणाऱ्या, केल्मन यांच्या फेको यंत्रावरचा लेखांक वाचून मिरजेच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ऑक्सिमीटर मागे पडला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, तेही फेकोविना, साधं ‘बिनटाक्याचं’. ते विचारतात, ‘यंत्र वापरलंच नाही, म्हणजे यंत्राच्या पेटंटचा प्रश्न मिटला. पण डॉक्टरांनी डोळ्याला जो छेद घेतला तोही कुणीतरी शोधूनच काढला असेल ना? त्याचं पेटंट कुणाकडे आहे? माझ्या बिलातले काही पैसे त्या माणसाला गेले का?’

असा प्रश्न आला की मला राहवत नाही. कारण त्या छेदाचं पेटंट खरोखरच घेतलं गेलं होतं. त्यावरून एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला कोर्टात खेचलं आणि त्या भांडणातून अमेरिकेचा कायदा बदलला. त्यामुळे हा सगळा लेखांक त्या छेदाचा.

आधी छेदच नीट पाहू. जुन्या पद्धतीत डोळ्याच्या वरच्या कडेला १० ते १२ मिलिमीटरचा छेद घेऊन पिकलेला मोतीबिंदू अख्खा बाहेर काढत आणि मग केसाहून बारीक धाग्याने टाके घालत. टाके घट्ट झाले की डोळ्याचं पारदर्शक पटल ओढलं जाई आणि चष्म्याला सिलिंडरचा नंबर चढे. सैल राहिले की जखम गळे. बिनटाक्याच्या छेदाची युक्ती अशी, की ब्लेड सरळ आत घालायचंच नाही. डोळ्याचं पांढरं आणि काळं जिथे भेटतं त्या कडेला लिंबस म्हणतात. तिच्या साधारण दीड-दोन मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागावर, निम्म्या जाडीपर्यंतच चीर द्यायची. मग क्रेसेंट नावाचं चंद्रकोरीसारखं ब्लेड आडवं धरून त्या जाडीच्या आतल्या आत पुढे सरकवत न्यायचं, थेट पारदर्शक पटलात. तयार होतो तो बोगदा. नेत्रतज्ज्ञांच्या बोलण्यात तो ‘टनेल’.

सर्जनच्या मायक्रोस्कोपला शिकणाऱ्यांसाठी शेजारी आणखी एक आयपीस असतं. त्यातून मी हे काम पाहिलं आहे. पांढऱ्या पडद्याखालून ब्लेडचं पातं फिकट सावलीसारखं सरकताना दिसतं. सावली फार स्पष्ट झाली तर बोगदा वरवर चालला आहे, अगदीच नाहीशी झाली तर तो खोल गेला आहे, हे सर्जनला त्यावरूनच कळतं. पटलात पोचल्यावर केरॅटोम नावाच्या ब्लेडने आतलं दार उघडतात आणि ते बाहेरच्या तोंडापेक्षा रुंद ठेवतात. मोतीबिंदू निघतो, लेन्स बसते. शेवटी बाजूच्या बारीक छिद्रातून सलाइन सोडलं की मऊ पडलेला डोळा टणक होतो आणि विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हप्रमाणे आतल्याच दाबाने बोगद्याचं दार मिटतं. सर्जन कापसाच्या बोळ्याने जखम टिपून पाहतो. बोळा कोरडा, की काम झालं.

यात छेदाच्या आकाराला फार महत्त्व आहे. लिंबसला समांतर कमान घेतली तर खालची कड लोंबते आणि सिलिंडरचा नंबर वाढतो. कमान उलटी फिरवली, म्हणजे मधला भाग लिंबसच्या जवळ आणि दोन्ही टोकं लांब गेलेली, तर छेद स्वतःला सावरून धरतो. व्हरमाँटचे डॉ. जॅक सिंगर यांनी १९९१ मध्ये असा छेद नियतकालिकात मांडला. त्यालाच ‘फ्राउन’ छेद म्हणतात आणि बिनटाक्याचं ऑपरेशन शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला आजही तो पहिल्या दिवसांतच शिकवतात.

आता ॲरिझोनातल्या सन सिटीचे डॉ. सॅम्युएल पॅलिन. १९९० मध्ये ऑपरेशन चालू असताना त्यांच्या एका रुग्णाच्या हृदयाचा त्रास उद्भवला, म्हणून टाके न घालताच त्यांनी काम आवरतं घेतलं. जखम छान भरून आली. मग त्यांनी उलट्या ‘व्ही’च्या आकाराचा छेद बसवला आणि पेटंटसाठी अर्ज केला. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांना अमेरिकेचं ५०,८०,१११ क्रमांकाचं पेटंट मिळालं. कागद मागवून वाचला तर त्यात ब्लेड नाही, चिमटा नाही, औषध नाही. डोळ्याची चित्रं आणि दावे, बस्स. आणि ते दावे आहेत सर्जनच्या हाताच्या हालचालीवर : छेद कुठून सुरू करायचा आणि कडेपासून किती लांब कुठल्या बाजूला न्यायचा.

टाक्याविना छेद घेण्याची कल्पना तेव्हा हवेतच होती. आर्कन्सॉचे डॉ. मायकेल मॅकफार्लंड यांनीही १९९० मध्येच तो करून दाखवला होता. शस्त्रक्रियेत हे असंच घडतं. हजारो सर्जन रोज त्याच अवयवाशी झगडत असतात, एकमेकांचं पाहत असतात, आणि एकच सुधारणा चार गावांत एका हंगामात उगवते. पहिला कोण, हे सांगणं जवळपास अशक्य असतं. पॅलिन यांनी मात्र इतर सर्जनांकडे रॉयल्टी मागितली आणि १९९३ मध्ये सिंगर आणि ते जिथे काम करत त्या हिचकॉक क्लिनिकवर खटला भरला. एका ऑपरेशनमागे मागणी होती जेमतेम काही डॉलरची. पण मोतीबिंदूची ऑपरेशनं लाखांनी होतात. शिवाय सिंगर यांचं म्हणणं तत्त्वाचं होतं : रुग्णाच्या डोळ्यावर हात कसा फिरवायचा, हे दुसऱ्या डॉक्टरच्या परवानगीने ठरवायचं का? त्यांनी पैसे भरले नाहीत, खटला लढवला.

पॅलिन यांची बाजू मला सोडून द्यायची नाही. औषध कंपनीने गोळी काढली तर तिला वीस वर्षांची मक्तेदारी, यंत्र करणाऱ्यालाही तीच, मग ज्या सर्जनने वर्षानुवर्षं डोकं चालवून निव्वळ हाताची युक्ती शोधली त्यानेच रिकाम्या हाताने का राहावं? हा युक्तिवाद खोटा नाही.

पण त्याचं उत्तर अमेरिकेला एकदा मिळून चुकलं होतं, आणि त्यासाठी आपल्याला १८४६ मध्ये जावं लागेल. १६ ऑक्टोबर, बोस्टन, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. दंतवैद्य विल्यम मॉर्टन थोडे उशिराच पोचले, कारण त्यांच्या काचेच्या गोळ्याला झडपा बसवण्याचं काम शेवटच्या घटकेपर्यंत चाललं होतं. गोळ्यात ईथरमध्ये भिजवलेला स्पंज. गिल्बर्ट ॲबट या तरुणाने त्याची वाफ हुंगली आणि जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. ॲबट किंचाळला नाही. शस्त्रक्रियेच्या इतिहासाचे दोन भाग पाडणारी ही सकाळ. मॉर्टन यांनी २७ ऑक्टोबरला पेटंटचा अर्ज केला आणि १२ नोव्हेंबरला ४८४८ क्रमांकाचं पेटंट निघालंही. शीर्षक होतं ‘शस्त्रक्रियांतील सुधारणा’. त्यावर रसायनतज्ज्ञ चार्ल्स जॅक्सन यांचंही नाव होतं. नफ्यातल्या १० टक्क्यांच्या बोलीवर जॅक्सन यांनी आपला हक्क मॉर्टन यांना लिहून दिला होता.

मॉर्टन यांनी ईथरमध्ये रंग आणि सुगंध मिसळून त्याला ‘लेथिऑन’ असं नाव दिलं, म्हणजे ओळखू येऊ नये. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गुप्त औषध वापरायला साफ नकार दिला. ७ नोव्हेंबरला एका मुलीचा पाय कापायचा होता. ती टेबलावर येण्याची वेळ झाली तेव्हा मॉर्टन यांनी सांगून टाकलं, हे साधं सल्फ्युरिक ईथर आहे. झालं. ईथर कुठल्याही औषधविक्याकडे मिळत होतं. डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथर देऊन मांडी कापली. काचेचा गोळाही कुणाला लागेना, घडी केलेल्या फडक्यावरही भागायचं. मेक्सिकोच्या युद्धात खुद्द अमेरिकी सैन्यानेच ईथर वापरलं आणि मॉर्टन यांना छदामही मिळाला नाही. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या एका नेत्र रुग्णालयावर खटला गुदरला. १८६२ मध्ये न्यायाधीश शिपमन यांनी निकाल दिला : ईथर जुनं, माणसाचं शरीर जुनं, वाफ हुंगण्याची रीतही जुनी. नवा आहे तो फक्त परिणाम, आणि मानवजातीला तो कितीही मोलाचा असला तरी एवढ्यावर पेटंट टिकत नाही. दोन्ही वेळा प्रतिवादी डोळ्यांचेच निघावेत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

केल्मन, मॉर्टन आणि पॅलिन यांना शेजारी उभं केलं की मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. केल्मन यांच्या पद्धतीत यंत्राशिवाय पान हलत नाही. कंप पावणारी सुई हवी, शोषून घेणारा पंप हवा. म्हणून यंत्राचं पेटंट पुरलं. रॉयल्टी यंत्राच्या किमतीत मिसळून गेली आणि सर्जनच्या हाताला कुणी अडवलं नाही. मॉर्टन यांच्यापाशी गोळा होता, पण फडक्याने तेच काम होत होतं. पॅलिन यांच्यापाशी तर तेवढंही नव्हतं. त्यांचा छेद बाजारातल्या कुठल्याही ब्लेडने घेता येतो. ज्याच्या शोधाला हत्यार लागत नाही, त्याच्या हाती दावा करायला फक्त कृतीच उरते. आणि कृतीवर हक्क सांगायचा तर दुसऱ्या डॉक्टरच्या ऑपरेशन थिएटरात डोकावून पाहावं लागतं. पॅलिन यांच्या युक्तिवादात अडचण येते ती इथे. सर्जनला मोबदला मिळावा, जरूर मिळावा. पण टेबलावरच्या रुग्णासाठी कुठला छेद बरा, हे ठरवताना डॉक्टरच्या मनात परवान्याचा विचार येता कामा नये.

२८ मार्च १९९६ रोजी दोन्ही पक्षांच्या संमतीने हुकूम निघाला : पॅलिन यांचे दावे रद्द. तोवर अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा पेटंटांविरुद्ध आवाज उठवला होता आणि सिनेटमध्ये बिल फ्रिस्ट यांनी प्रकरण हाती घेतलं होतं. फ्रिस्ट स्वतः हृदयशल्यचिकित्सक. ३० सप्टेंबर १९९६ ला कायद्यात कलम २८७(सी) आलं. त्याची रचना चतुर आहे. शस्त्रक्रियेच्या पद्धतीला पेटंट मिळणं त्याने बंद केलं नाही, आजही ते मिळतं. मात्र डॉक्टरने ती पद्धत रुग्णावर वापरली तर त्याच्याकडून किंवा त्याच्या रुग्णालयाकडून भरपाई वसूल करता येत नाही. पेटंट असलेलं यंत्र किंवा औषध वापरलं तर ही सवलत नाही.

युरोपने आणि आपण याहून सरळ वाट घेतली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(आय) सांगतं, की माणसावरच्या औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची, रोग बरा करण्याची किंवा टाळण्याची कोणतीही प्रक्रिया हा कायद्याच्या दृष्टीने शोधच नव्हे. २००२ च्या दुरुस्तीने त्यात निदानाच्या प्रक्रियाही स्पष्टपणे आल्या. जनावरांवरच्या अशाच उपचारांनाही हे लागू आहे, म्हणजे गुरांचे डॉक्टरही निर्धास्त. मुंबईच्या पेटंट कार्यालयात कुणी पॅलिन यांचा कागद जसाच्या तसा दाखल केला तर तो याच कलमावर अडकेल. तोच माणूस त्या छेदासाठी खास घडवलेलं ब्लेड घेऊन आला, तर मात्र दार उघडं आहे. म्हणून आपल्याकडचे अर्ज वाचताना ‘उपकरण’, ‘संच’ असे शब्द वारंवार भेटतात. कृतीला हत्याराचा पोशाख चढवल्याशिवाय ती आत येऊ शकत नाही. यातून काही ओढूनताणून केलेले अर्जही येतात, पण ही रेघ योग्य ठिकाणी मारली आहे असं माझं ठाम मत आहे.

छेद मोकळा राहिल्याने काय झालं, ते पुण्यात पाहायला मिळतं. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर एक चाचणी झाली. निम्म्या डोळ्यांवर फेको, निम्म्यांवर हाताने केलेलं बिनटाक्याचं ऑपरेशन, कुणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्याविना चांगलं दिसणाऱ्यांत फेकोवाले काहीसे पुढे होते. चष्मा लावल्यावर दोन्ही गट बरोबरीचे. महागडं यंत्र नाही, त्याची दुरुस्ती नाही, वीज गेली तरी काम अडत नाही. तालुक्याच्या गावी रांगेने येणाऱ्या, मोतीबिंदू कडक होईपर्यंत थांबलेल्या माणसांसाठी या निष्कर्षाचं मोल फार आहे. आणि ही पद्धत शिकवायला, बदलायला, तिची फेकोशी तुलना करायला पुण्याच्या डॉक्टरांना कुणाची परवानगी काढावी लागली नाही.

तर मिरजेच्या वाचकांना उत्तर : तुमच्या छेदाचे पैसे कुणालाही गेले नाहीत. लेन्सचं विचाराल तर आधी बिल काढून पाहा. त्यावर ‘पीएमएमए’ लिहिलं असेल तर ती कडक लेन्स. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला बसवली ती याच प्लास्टिकची, आणि १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने ती आपल्याकडे स्वस्त केली. ‘फोल्डेबल’ लिहिलं असेल तर तिच्यामागे पेटंटांचा मोठा पसारा आहे. तो उलगडायला एक स्वतंत्र लेखांक लागेल आणि तो आओयागींच्या नंतर घेऊ. पुढच्या आठवड्यात ऑक्सिमीटर नक्की.