पेंढा खाऊनही गुरं का खंगतात?

खांदेश्वर स्टेशनाभोवती सिडकोच्या इमारती दाटल्या आहेत. तरी नेरे आणि माथेरानच्या पायथ्याकडे गेलं की भाताची खाचरं लागतात आणि कापणीनंतर त्यांत मोकळी चरणारी गुरं दिसतात. बहुतेक लहान चणीची, गावठी: बैल, भाकड गाई, कालवडी. त्यांच्यापासून रोज पैसा येत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल विकून खर्च भरून काढणंही अवघड. अशा गुरांवर खर्च थोडा आणि नेमका व्हायला हवा, पण काही जुने समज आडवे येतात.

“पोटभर पेंढा मिळतोय, मग जनावर खंगेल कसं?” हा त्यातला सर्वांत पक्का. जनावराच्या आधी वैरण पचवतात ते त्याच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव. त्यांना नीट काम करायला खाण्यात साधारण ७ टक्के प्रथिनं लागतात, भाताच्या पेंढ्यात असतात ३ ते ४ टक्के. शिवाय पेंढ्यात सिलिका भरपूर, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. सूक्ष्मजीवच उपाशी राहिले की पेंढा पोटात रेंगाळतो, पोट तट्ट दिसतं आणि जनावर पुढचा घास घेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाण भरलेली असूनही बरगड्या दिसू लागतात त्या अशा.

मग मालक कणी, भरडा घालतो. धान्यानं जोर येतो, हा समज खिशाला सर्वांत महाग पडतो. पिष्टमय खाद्य जास्त झालं की कोटीपोटात आम्ल वाढतं, चोथा पचवणारे सूक्ष्मजीव मागं पडतात आणि घरचा पेंढा आणखीच कमी पचतो. त्याऐवजी रोज अर्धा ते एक किलो पेंड दिली, तर तोच पेंढा जनावर जास्त खातं आणि पचवतंही. पेंड परवडत नसेल तर बांधावर गिरिपुष्प, शेवरी, सुबाभूळ लावावी. त्यांच्या पाल्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. गिरिपुष्पाचा वास गुरांना आधी नकोसा वाटतो, पाला थोडा सुकवून दिला की खातात. सुबाभळीत मिमोसिन हा विषारी घटक असतो, म्हणून ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे नको.

इथं वसाहतीतल्या लोकांनाही कळकळीनं सांगायचं आहे. लग्नाच्या हॉलमागे उरलेला भात, पुऱ्या गाईपुढे ओतणं म्हणजे पुण्य नव्हे. सवय नसताना घमेलंभर भात खाल्ला, तर याच आम्लानं गाय दगावू शकते. पिशवीसकट टाकला तर प्लास्टिकही पोटात जातं.

युरिया विष आहे, हे अर्धं खरं. गोणीतला सांडलेला युरिया चाटला किंवा त्याचं पाणी प्यायलं, तर जनावर काही तासांत मरतं. पण १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडला, आणि पेंढा तुडवून ताडपत्रीखाली तीन आठवडे हवाबंद ठेवला, तर युरियाचा अमोनिया होतो. तो पेंढ्याचे धागे सैल करतो आणि प्रथिनांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. मापात मात्र अंदाजपंचे चालत नाही. खायला घालण्याआधी पेंढा पसरून वास उडू द्यावा, सुरुवातीला थोडाच द्यावा, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊच नये.

हाडं, चिंध्या, माती चघळणं ही खोड नसते. कोकणची जांभी माती आम्लधर्मी, पावसानं धुऊन निघालेली. तिच्यात स्फुरद कमी, म्हणून गवतातही कमी. स्फुरदाची ती भूक भागवायला जनावर सडकं हाड चघळतं आणि त्यातून बोटुलिझमसारखी जीवघेणी विषबाधा होऊ शकते. नुसतं मीठ पुरत नाही. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि सोबत २५ ते ३० ग्रॅम मीठ द्यावं.

खाचरात चरणाऱ्या गुरांच्या यकृतात गोगलगायींमार्फत पर्णकृमी शिरतात. त्यांचं औषध पशुवैद्यकाला विचारून आधी द्यावं, नाहीतर पेंडीचा फायदा अंगी लागत नाही. हात आखडताच असेल तर पेंड सगळ्यांत वाटू नये. शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण गाय आणि वाढती कालवड, यांच्यापुढे ती आधी ठेवावी.